वळणावरच्या वैशंपायनवहिनी

येताना राजारामकाकाला हसलात ना सगळे? मी मागच्याच गाडीत होतो. तो कोपऱ्यावर बर्फात उभा, हातात टॉर्च, आणि विक्रम, तू काच खाली करून त्याला पार्किंग अटेंडंट म्हणालास. तो हसला. तो हसतोच. गेलं दीड वर्ष घरी कोणीही जेवायला येणार असलं की राजाराम असाच कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. आपल्या या नोव्हाय गावात प्रत्येक रस्त्याला पाटी आहे, दिवा आहे, तरी उभा राहतो. संध्याकाकू त्याला काही बोलत नाही, कारण तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

सांगणार नव्हतो. पण तुमची ती यादी कानावर आली. स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत वाळवंटात जायचंय म्हणे, आणि मासिकातून कापून आणलेली यादी, वाळवंटात राहायला आणि बघायला सगळ्यात छान गावं. सांता फे, टूसॉन, सेडोना... आणि चौथं? परत वाच. हं, तेच. पुन्हा नाव घेऊ नकोस. तांब्याच्या खाणीचं गाव. आता तिथली जुनी घरं रंगवलीत, चित्रकारांनी दुकानं थाटलीत, सूर्यास्त बघायला लोक जातात. छानच असणार. राजाराम तिथं एकदा जायला हवा होता तेव्हा गेला नाही, आणि नंतर गेला. ते सांगतो. बस इथं सीमा, वरच्या मंडळींनी पत्ते मांडलेत, अर्धा तास आपल्याला कोणी विचारत नाही.

राजारामचं काम तुम्हाला ठाऊक आहे, गाड्यांचे एअर कंडिशनर. ते तपासायला कंपनी त्याला दर जुलैत ॲरिझोनाला पाठवायची. दिवसभर गाड्या उन्हात तापवायच्या, मग आत बसून थंड किती वेळात होतात ते बघायचं. उन्हाळाभर हाच उद्योग, एका गावाहून दुसऱ्या गावाला.

आता आमची एक जुनी सवय सांगतो, तुम्हाला ती वेडेपणाची वाटेल. आम्ही अडुसष्ट-सत्तर साली या देशात आलो, तेव्हा नव्या गावात पोचलो की पहिलं काम म्हणजे फोनबूथमधली साखळीला बांधलेली डिरेक्टरी उघडायची. जोशी बघायचे, कुलकर्णी बघायचे, देशपांडे बघायचे. सापडले की नाणं टाकायचं आणि सांगायचं, नमस्कार, आम्ही पुण्याचे, तुमच्या गावातून चाललोय. ओळख ना पाळख, पण पलीकडचा माणूस म्हणायचा, आहात कुठं, जेवायलाच या. मी असा अकरा घरांत जेवलोय. ओमाहाला एका घरी तर चार दिवस राहिलो.

पुढं घरं मोठी झाली, दारात दोन-दोन गाड्या आल्या. मग तेच आम्ही, फोन वाजला की आधी बायकोच्या तोंडाकडे बघायला लागलो. भेटलं की तोंडभर म्हणायचं, या हो एकदा आमच्याकडे. कधी ते सांगायचं नाही. तुम्ही मुलं आम्हाला हिपोक्रिट म्हणता ना? बरोबर म्हणता. मला त्याचा राग येत नाही, लाज वाटते.

तर, १९८३. चौदा जुलै, गुरुवार. राजाराम दिवसाची टेस्ट संपवून टूसॉनला निघाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिथं काम सुरू व्हायचं होतं. संध्याकाळी सव्वासातला त्यानं या गावाबाहेरच्या गॅस स्टेशनवर टाकी भरली. बूथमध्ये डिरेक्टरी होती, शाळेच्या वहीएवढी. सवयीनं उघडली. जोशी नाहीत, कुलकर्णी नाहीत. सगळे सांचेझ आणि मार्टिनेझ. शेवटी व्हीमध्ये एकच लांबलचक नाव, वैशंपायन, विवेक. त्याला गंमत वाटली. त्यानं फोन लावला.

फोन बाईंनी घेतला. राजारामनं मराठीत नमस्कार केला. मग लक्षात आलं, त्या रडतायत. सुहासिनी वैशंपायन. मूळ नागपूरच्या. नवरा खाणीत इंजिनिअर, त्या दिवशी रात्रपाळीला. गावात येऊन चौदा महिने झाले होते, आणि चौदा महिन्यांत नवरा सोडून कोणाशी त्या मराठीत बोलल्या नव्हत्या. नवरा फार बोलणाऱ्यांतला नव्हता. बाईंनी लगेच बेत ठरवला, मसालेभात टाकते, श्रीखंडाला चक्का बांधलेलाच आहे. राजारामला भूक लागली होती. तासाभरात येतो म्हणाला आणि रस्ता विचारला. हायवेनं सहा मैल, मग डावीकडं कच्चा फाटा. पाटी नाही, दिवा नाही.

"चुकाल तुम्ही," बाई म्हणाल्या. "मी टॉर्च घेऊन वळणावर उभी राहते. तुम्ही येईपर्यंत हलत नाही."

पुढच्या तासात काय झालं? काही नाही झालं. स्टेशनवर हॅम्बर्गर मिळत होता, तो राजारामनं खाल्ला. पोट भरलं आणि विचार सुरू झाले. आता जायचं म्हणजे दोन तास बसायचं. कोणाची मावसबहीण कोणाला दिलीय ते शोधायचं. बाई पुन्हा रडल्या तर काय करायचं? पहाटे पाचला काम आहे. साडेआठला तो निघाला तेव्हासुद्धा त्याचं काही ठरलं नव्हतं. मग वळण आलं. अंधारात टॉर्च दिसला. वर-खाली, वर-खाली, तीनदा हलला. राजारामनं मान सरळ ठेवली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

नंतर फोनही केला नाही. काय सांगणार होता? टूसॉनच्या मोटेलला पोहायचं तळं होतं. रात्री साडेदहाला तो त्यात पोहला. तळ्याचं त्यानं मला स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

तीन वर्षं गेली. १९८६. सतरा जुलै, पुन्हा गुरुवार. अमावास्या वगैरे नव्हती, छान चांदणं होतं, मी उगाच मीठमसाला लावत नाही. तोच हायवे, तेच गॅस स्टेशन. मधल्या काळात खाण बंद पडली होती, अर्धं गाव उठून गेलं होतं. बूथ तोच. डिरेक्टरी नवी, आणखी बारीक झालेली. त्यानं व्ही काढलं. नाव होतं.

या तीन वर्षांत तो हलणारा टॉर्च त्याच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता. संध्यालाही त्यानं सांगितलं नव्हतं. आज माफी मागायची, बाई बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून त्यानं नाणं टाकलं. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. त्यानं नाव सांगितलं. म्हणाला, वहिनी, तीन वर्षांपूर्वी मी...

"निघालात का?" बाई म्हणाल्या. "मी उभीच आहे."

आणि फोन बंद झाला. राजारामला एवढं हायसं वाटलं की गाडी सुरू करून हायवेला लागेपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. मग आलं. घरातून फोनवर बोलणारी बाई वळणावर उभी कशी असेल? बोलण्याची पद्धत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सहा मैल झाले.

टॉर्च होता. वर-खाली, वर-खाली, तीनदा.

तो थांबला. या वेळी थांबला. मागचं दार उघडलं, बाई बसल्या, दार लागलं. पुढं परका पुरुष, म्हणून मागं बसल्या असतील. तो बोलत राहिला. वहिनी, चुकलंच माझं. वहिनी, फार उशीर झाला होता. मागून टॉर्चचा उजेड त्याच्या खांद्यावरून पुढच्या काचेवर पडायचा. डावीकडं पडला की डावीकडं वळायचं. उजवीकडं पडला की उजवीकडं.

घरं लागली. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. एक. दुसरं. तिसरं. सगळ्यांवर. एकाच घराचं दार उघडं होतं.

आत दिवा नव्हता. टेबलावर पान वाढलेलं, वर ताट झाकलेलं. बाईंनी ताट काढलं. मसालेभात. वाटीत श्रीखंड. त्यानं विचारलं, विवेकराव?

"रात्रपाळी," बाई म्हणाल्या.

खाण तर बंद झालेली. तरी त्यानं खुर्ची ओढली. बसला. त्याला बाईंचा चेहरा बघायचा होता, पण टॉर्च त्यांच्या हातात होता आणि उजेड फक्त पानावर. टॉर्चच्या मागं... काळोख. पहिला घास घेतला.

कचकन दाताखाली वाळू आली.

दुसरा घास. वाळूच. श्रीखंडात वाळू. तो थांबला. टॉर्च हलला नाही.

"जेवा. निवलंय थोडं... वाट बघत होते ना."

तो जेवला. सगळं. हे मी त्याला दहा वेळा विचारलंय, उठून पळाला का नाहीस? म्हणाला, पुरुषोत्तम, एकदा पळालो होतो. पान पुसून संपवलं त्यानं. घास गिळताना घसा सोलवटत होता. मग हात तसेच घेऊन उठला. दाराशी आला. उंबऱ्यावर एक पाय बाहेर, एक आत. एवढं करून निघून गेला असता तर... पण आपल्या जिभेला वळण लागलेलं. निघताना आपण जे म्हणतो, मी म्हणतो, तुमचे आईवडील म्हणतात, काही मनात नसताना म्हणतात, ते त्याच्या तोंडून गेलं.

"आता तुम्ही यायचं, वहिनी. आमच्याकडे. नोव्हायला."

टॉर्च विझला.

...

काळोखातून आवाज आला.

"नक्की ना?"

"नक्की," राजाराम म्हणाला.

तो परत त्याच गॅस स्टेशनवर आला, चूळ भरायला. काउंटरवर एक म्हातारी बाई होती. त्याच्या तोंडाची दशा बघून तिनं विचारलं, कुठं होतास? त्यानं सहा मैलांवरचा फाटा सांगितला. ती म्हणाली, तिकडं कोणी राहत नाही. मग तिनंच सांगितलं. तीन वर्षांमागं, जुलैतच, त्या वळणावर एक इंडियन बाई ट्रकखाली गेली. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी. हातात टॉर्च होता. ट्रकवाला बिचारा सांगत होता, ती लपली-धावली नाही, दिवे दिसल्यावर आपणहून पुढं आली, टॉर्च हलवत, हसत, जसं काही माझीच वाट बघत होती. कोणाची वाट बघत होती ते गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. नवरा पोलिसांना म्हणाला, तिच्या ओळखीचं इथं कोणीच नाही. आठवड्याभरात तो घर बंद करून गेला.

राजाराम तिथून पावणेनऊला गेला होता. पावणेनऊ ते अकरा वीस. अडीच तास ती बाई प्रत्येक गाडीच्या दिव्यांपुढं एक पाऊल पुढं येत होती. हलणार नाही म्हणाली होती, हलली नाही. नागपूरला तिच्या आईला कोणी काय कळवलं असेल, मला माहीत नाही. ओळखीचं कोणीच नाही, असंच कळवलं असेल.

राजाराम घरी आला आणि या बेसमेंटमध्ये, विक्रम, तू बसलायस त्या खुर्चीत बसून, संध्याला आणि मला त्यानं हे सांगितलं. आम्ही त्याला समजावलं. थकवा, ऊन, मनाला लागलेलं. मी इंजिनिअर माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता.

पुढच्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी, संध्याकाळी साडेसातला इथं फोन वाजला. मी इथंच होतो. बोलणारं एक तरुण मराठी जोडपं, आयोवाहून कॅनडाला निघालेलं, हायवेच्या एक्झिटवरच्या बूथमधून. अजून काही लोक करतात तसं. नवरा म्हणाला, नमस्कार, वैशंपायनवहिनी आहेत का? राजारामनं विचारलं, हा नंबर तुम्हाला कोणी दिला? तो म्हणाला, डिरेक्टरीत आहे की.

तरी राजारामनं त्या दोघांना रस्ता सांगितला. म्हणाला, जेवायलाच या, चुकाल तुम्ही, मी कोपऱ्यावर उभा राहतो. त्या दिवसापासून तो उभा राहतो. टेलिफोन कंपनीला त्यानं दोनदा लिहिलं, नाव काढा. दोन्ही वेळा त्यांचं उत्तर आलं, अशी नोंद आमच्याकडे नाहीच.

आज बोलावलेले सगळे आलेत. वर मोजून बघा हवं तर. राजाराम अजून आत आलेला नाही.

सीमा, तुझ्यामागं फोन आहे ना, त्याच्याखाली डिरेक्टरी. या वर्षीची आहे, कव्हर बघ, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. व्ही काढ. आणखी पुढं... खाली ये... हां, बोट ठेव. त्या गावाच्या पुस्तकात बाईंचं नावसुद्धा नव्हतं, नवऱ्याचं होतं. इथं काय छापलंय? मोठ्यानं वाच.

वैशंपायन, सुहासिनी.

आणि पत्ता?

...

हो. हेच घर.