डोळे मिटून पाहिलेला सिनेमा

काचेची लिफ्ट ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला उंचीची भीती नक्कीच वाटत नसणार. तिला वाटायची. वर्तमानपत्राच्या कचेरीत ती रोज जिन्यानेच जायची. पण आज पाय मुरगळलेला, मग काय करणार? लिफ्ट हलली. काचेवरून पावसाचे ओघळ खाली, आणि रस्ता त्याहून खाली... तिने डोळे गच्च मिटले.

"घाबरू नकोस, पोरी. खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ."

हा आवाज तिला पाठ होता. 'ढगांचा पूल' या जुन्या सिनेमातलं म्हातारं अस्वल! पुलावर पहारा देणारं, भेदरलेल्या पोरांना पलीकडे नेणारं. लहानपणी आई दवाखान्यात होती, तेव्हा मावशी तिला रोज तोच सिनेमा लावून द्यायची. आणि ही उशीत तोंड खुपसून, डोळे मिटून, नुसतं अस्वलाला ऐकत पडायची. आई काही घरी परतली नाही. अस्वल मात्र सोबत राहिलं.

"पण तुम्ही तर... वारलात ना?" ती डोळे न उघडताच पुटपुटली.

"अस्वलाचा आवाज बाबांचा. ते वारले," आवाज हसला. "मी त्यांचा धाकटा मुलगा. वर डबिंग स्टुडिओत असतो. माफ करा हं, तुम्हाला पोरी म्हणालो. तुम्ही तर चांगल्या मोठ्या आहात."

"मोठ्या?"

"म्हणजे वयाने नाही... म्हणजे वयानेही... अहो, डोळे उघडा, तुमचा मजला आला!"

पाय बरा झाला, तरी ती लिफ्टनेच जात राहिली. आता यावरून ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं.

कचेरीत तिला सगळे 'मिरची' म्हणत, कारण ती सिनेमांची परीक्षणं लिहायची आणि भल्याभल्यांना ठसका लागायचा. ही मिरची संध्याकाळी कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर बसली की मात्र पार विरघळायची. तो बोलायचा, ती गालावर हात ठेवून डोळे मिटायची.

"मांजर अशीच दूध पिते," तो चिडवायचा. "वाटतं, जगाला काही दिसत नाही."

"जगाला दिसू दे. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हण."

आणि तो खरंच अस्वलाच्या आवाजात तेराचा पाढा म्हणायचा. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायचे. एकदा मात्र तो आपल्या साध्या आवाजात स्वतःच्या आईबद्दल काही सांगू लागला. तो आवाज कोरडा होता, जरासा खरखरीत. तिने पटकन डोळे उघडले. "सर्दी झालीय का रे?"

तो हसला, आणि पुढचं सगळं त्याने अस्वलाच्या आवाजात सांगितलं.

त्याच पावसाळ्यात 'ढगांचा पूल'च्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा तयार झाला. अस्वल तरुण असतानाची गोष्ट, आणि आवाज धाकट्याचा. परीक्षण अर्थातच मिरचीकडे आलं.

"तरुण अस्वलाला म्हाताऱ्याचा आवाज," तो म्हणाला. "मी सांगून पाहिलं, माझा आवाज लावू द्या. नाही म्हणाले. लोकांना तोच हवाय म्हणे." त्याने कपातली साखर उगाचच ढवळली. "तू खरं लिही हं. माझ्यासाठी साखर पेरू नकोस."

"मिरची आहे मी."

"म्हणून तर सांगतोय."

तिने सिनेमा पाहिला. अस्वलाचा केस न् केस मोजता येत होता. पूल कोणी बांधला, अस्वल तिथे का आलं, त्याचा कान कसा फाटला, सगळ्याचा खुलासा होता. जे न सांगितल्यामुळे इतकी वर्षं गोड वाटलं, ते सगळं सांगून टाकलं होतं. मग एक पोर पुलावर अडखळलं, आणि तो आवाज आला. खाली बघू नकोस... तिने डोळे मिटले. तिला मावशीच्या उशीचा वास आला. ती हमसून रडली. डोळे उघडले, तर पडद्यावर कुणी परकं अस्वल जबडा हलवत होतं.

तिने प्रामाणिकपणे लिहिलं. 'हा सिनेमा डोळे मिटून पाहा, जुन्याइतकाच सुंदर आहे. डोळे उघडलेत की पस्तावाल.' संपादक खूश झाले आणि त्यांनी पहिलं वाक्य मथळ्यात घेतलं.

संध्याकाळी तो पेपर घेऊन कॅन्टीनमध्ये आला.

"रागावलास?"

"छे. शब्द न् शब्द खरा आहे." तो आपल्या कोरड्या आवाजात बोलत होता. त्याने मथळ्यावर बोट ठेवलं. "फक्त... तू मलाही असंच पाहतेस गं."

तिचे डोळे भरून आले, तिने ते मिटले.

"मिटलेच आहेस तर सांग," तो हळूच म्हणाला. "माझ्या भुवईवर व्रण आहे. कोणत्या?"

तिला आठवेना. इतके दिवस समोर बसून, तिला आठवेना!

"दुसऱ्या शहरातल्या रेडिओवर बातम्या वाचायला बोलावलंय," तो म्हणाला. "माझ्याच आवाजात. तुझ्यासाठी नाही म्हणणार होतो. आता जातो."

तो निघाला त्या दिवशी बसथांब्यावर ती गेली. न जाऊन करते काय?

"थांब ना. नाही मिटणार मी डोळे."

"मिटशील. मी बोलायला लागलो की मिटशील... आणि मी पुन्हा बाबा होईन. तुला आवडावं म्हणून मी काय वाट्टेल ते करतो, हेच तर वाईट आहे."

तिची मान खाली गेली. चपलांपाशी पावसाचं पाणी साचलं होतं.

"खाली बघू नकोस," तो म्हणाला. अस्वलाच्या नाही, स्वतःच्या आवाजात. "माझ्याकडे बघ."

तिने पाहिलं. व्रण डाव्या भुवईवर होता. पुढचा एक दात किंचित तिरका. डोळे तांबूस, रात्रभर न झोपलेले. हा माणूस तिला हवा होता, हाच, असाच. पण ते तिला कळलं तोवर त्याने बॅग उचलली होती, आणि तिचा आवाज बसच्या आवाजात बुडाला.

आता सकाळी ती रेडिओ लावते. तो कोरडा, खरखरीत आवाज पावसाचा अंदाज सांगतो, धरणातलं पाणी सांगतो. मावशी विचारते, "बातम्या ऐकताना एवढं टक लावून काय बघतेस गं?"

बातम्या संपेपर्यंत ती डोळे उघडे ठेवून बसते, आणि समोर नुसता रेडिओ असतो.