नलूनं न वाचलेली ओळ

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. आर्वीच्या एसटी स्टँडवर त्यानं दिवाणजींचं घर विचारलं, ते नेमकं दिवाणजींच्या पणतीलाच.

"काय काम हाये?" नलूनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्या पणज्याले शोधून राह्यलो."

निळसर डोळ्यांचा गोरा माणूस, अन् बोलणं असं वऱ्हाडी! नलूला हसू फुटलं.

"हरवले कवा?"

"सत्तर वर्षं झाली."

एडविन त्याचं नाव. बाप रेल्वेत गार्ड, म्हणून बालपण सिंदीच्या क्वार्टरात गेलेलं. पणजोबा मॉर्टन साहेब, इकडच्या तीन गावांचे मालगुजार, म्हणजे जमीनदारच. त्यांना माती कुठं दिली, कोणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरला अंथरुणाला खिळलेल्या बापाला मरायच्या आधी तेवढंच कळायला हवं होतं. आणि साहेबांच्या दिवाणजींची मोडी दप्तरं नलूच्या घरी, लाल फडक्यात बांधलेली. मोडी वाचणारी घरात आता ती एकटीच.

वर्ध्याला मावशीकडं उतरून तो रोज सकाळच्या गाडीनं येई. ओसरीवर ती वाचे, तो वहीत उतरून घेई. साहेबांनी नाल्यावर बांध घातला, कपाशीवर कीड पडली, घोडी व्याली… जुन्या धुळीनं तिला शिंक आली की तो म्हणे, "साहेब आशीर्वाद देऊन राह्यले!"

"त्यायले म्हणा, आंघोळ करून येजा."

आतून तिची आई, देवकाबाई, ओरडे, "पोरी, वाचून राह्यली का खिदळून?"

पाचव्या दिवशी, बुधवारी, साहेबांना माती दिल्याची ती ओळ आली. ही वाचली, की उद्याची गाडी त्याच्याविना येणार… तिनं बोट हळूच खाली सरकवलं. फक्त आजचा दिवस, मनाशी म्हणाली. असे नऊ दिवस गेले.

मग चार दिवस तो आलाच नाही. पाचव्या दिवशी आला तो वहीविना. पायरीवरच बसला.

"बाबा गेले. शेवटपर्यंत विचारत होते — सापडले का…" त्यानं डोळे पुसले. "तुले सांगावं वाटलं. दुसऱ्या कोणाले सांगू?"

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. गप्प राहिली असती, तर तो तिचाच होता. नलू आत गेली, दप्तर घेऊन आली, पान उघडलं.

"हे मले त्या बुधवारीच सापडलं होतं. मी… वाचलं नाई."

"काऊन?"

"तुम्ही येणं बंद कराल म्हणून."

त्यानं पान स्वतःकडं वळवलं. त्याला त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं.

"वाच."

"साहेबांस चिंचोलीचे मळ्यात, विहिरीचे पूर्वेस माती दिली. सारा गाव जमला…"

"किती लांब?"

"दोन कोस."

"त्या बुधवारी बाबा उठून बसत होते, नलू. गाडीत घालून आणले असते मी."

"मी येते संगं. वाट दाखवते." ती घाईनं चपला शोधू लागली.

"नको." आवाज इतका मऊ, की तिला सोसवेना. "एकदा म्हटलं असतं ना तू, थांबा… मी जन्मभर —" तो पायरीवरून उठला. "वाट विचारीन मी कोणालेबी."

तो वळणाआड गेला. नलू एका पायात चप्पल घालून ओसरीवर तशीच उभी होती.