सोमवारची बाकं

सोमवारी परिपाठ संपला की सातवी 'ब'ची मुलं दप्तरं उचलून भिंतीवरच्या पडद्यासमोर उभी राहत. कोणी कोणाशेजारी बसायचं, हे आता संगतमापक नावाची यंत्रणा ठरवत असे. मुलांच्या ओळखपत्रातली चिप आठवडाभर टिपत राही, कोणाच्या शिवीवर कोण हसलं, कोणाची खोड कोणी उचलली. कोणाचा वाण कोणाला लागला, त्याचे बाण पडद्यावर उमटत. शिक्षकांच्या ओळखपत्रात चिप नव्हती. बिघडतात ती मुलं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

शाळेच्या समुपदेशक अनुपमा वाघचौरे यांना मात्र एकच बाण दिसे, ओजसचा. त्यांची मुलगी जुई याच वर्गात होती आणि बोलताना अडखळायची. ओजसने तिची नक्कल केली आणि आठ दिवसांत अख्खा वर्ग करू लागला. जुईने बोलणंच सोडलं. घरी ती पाणीसुद्धा वहीत लिहून मागायची. ते पाहून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

ओजसला शांत मुलांत बसवा, महिन्याभरात सुधारेल, असं संगतमापकाने सुचवलं. सुधारेल? एवढ्या स्वस्तात? बाकांच्या यादीवर शेवटची सही बाईंची असे. ती करण्याआधी त्यांनी त्याला वर्गातल्या दोन सर्वांत द्वाड मुलांच्या मधे टाकलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'प्रयोग'.

तिसऱ्या आठवड्यात ओजसचा बाण लाल झाला. चौथ्यात त्याने एका मुलाचा दात पाडला. मुख्याध्यापकांनी दाखला हातात दिला, तेव्हा तो वडिलांचा शर्ट धरून हुंदके देत होता. बाईंनी जुईला मुद्दाम बोलावून दारात उभं केलं.

"नीट बघून घे," त्या म्हणाल्या. जुईने नीट बघून घेतलं.

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गातून हशा ऐकू आला. बाई आत गेल्या. जुई बाकावर उभी राहून ओजसचं रडणं करून दाखवत होती.

"पप्पा, मला नाही जायचं, पप्पा."

एकदाही अडखळली नाही. बाईंना रडू आलं, मग मुलांबरोबर त्याही हसल्या.

हसता हसता त्यांनी पडद्याकडे पाहिलं. जुईपासून तीस लाल बाण निघाले होते. तिच्याकडे येणारे दोनच होते. बारीक बाण ओजसच्या रिकाम्या जागेवरून आला होता. जाड बाणापुढे लिहिलं होतं, 'स्रोत अज्ञात'.

खाली समुपदेशकांच्या सहीची चौकट होती आणि तिच्यावर प्रश्न होता, जुईला कोणापासून दूर बसवायचं?