सेट तापेपर्यंत

"गोपीनाथराव, असाल तसे या. विश्वासचा सेट कुणीतरी आतून पोखरलाय."

फोन ठेवला गेला. गोपीनाथरावांनी हातातला चहा तसाच सोडला आणि सोनागिरीतल्या घरून स्कूटर काढली. कारखान्याच्या सुरक्षा विभागात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी टाउनशिपमध्ये कुणाची सायकल गेली की आधी त्यांना फोन जाई, मग पोलिसांना. पण नरहर पाटणकरांचा आवाज आज निराळा होता. सायकल गेल्यावर माणूस असा बोलत नाही.

विश्वास हा पाटणकरांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यानं स्वतःच्या हातांनी व्हॉल्व्हचा, म्हणजे तापल्यावर उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर बनवला, सागवानी पेटीत बसवला आणि त्याला रेकॉर्ड प्लेअर जोडला. घरात सगळे त्याला नुसतं 'सेट' म्हणत. त्यानंतरच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठवडाभरात पोरगा गेला. सेट तेवढा मागे राहिला.

पाटणकरांच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये बांधाबांध चालली होती. नरहरपंत महिन्याअखेर निवृत्त होणार होते, बाग सेवनिया वस्तीत छोटं घर घेतलं होतं. खोक्यांच्या पसाऱ्यात सेट पालथा पडला होता आणि त्याची मागची फळी निघाली होती.

"बघा," नरहरपंत म्हणाले. "हलवताना फळी निसटली. आत विश्वासचं काहीच नाही. व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्सफॉर्मर नाही. एक फालतू ट्रान्झिस्टरची पट्टी ठोकलीय."

गोपीनाथरावांनी बॅटरी लावून आत डोकावलं. पट्टी खरंच होती. पुढच्या काचेमागे एक चिमुकला तांबडा दिवा जोडला होता, जिथून पूर्वी व्हॉल्व्हचा उजेड दिसायचा, नेमका तिथे. पट्टीच्या कडेला पालीच्या अंड्यांची दोन फुटकी टरफलं चिकटली होती, धुळीनं माखलेली. पेटीच्या एका सांध्यातून खाली पिवळट, वाळका ओघळ उतरला होता. त्यांनी तो नखानं खरवडला, वास घेतला आणि नख रुमालाला पुसलं.

"शेवटचा कधी वाजवला?"

"परवा संध्याकाळी. व्यवस्थित वाजला."

"काल घरात कोण आलं होतं?"

"रद्दी न्यायला कबाडी आला होता, पण अंगणातच. आणि दत्तू. सामान बांधायला आला होता. तासभर या खोलीत एकटा होता." नरहरपंतांनी उघड्या सेटकडे बोट केलं. "विश्वासचा जिवलग मित्र म्हणून मी त्याला पोरासारखं धरलं, गोपीनाथराव. रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, जुन्या व्हॉल्व्हची किंमत त्याला ठाऊक. उद्या चौकीत जातोय मी."

गोपीनाथरावांनी बॅटरी विझवली. दत्तू कारखान्यात टेक्निशियन होता, दुकान संध्याकाळचं. चौकीत नाव गेलं की निलंबन ठरलेलं, आणि दोन लेकरं पदरात. शिवाय मेलेल्या मित्राची वस्तू चोरली हा डाग पिपलानीत कुणी पुसून दिला नसता.

"आधी त्याला बोलवा," ते म्हणाले.

तेवढ्यात रत्नप्रभावहिनी थालिपीठ आणि दह्याची वाटी घेऊन आल्या. दुःख असो की दरोडा, या घरातून कुणी उपाशी गेलं नव्हतं.

"तुम्ही घ्या की वहिनी."

"मी दही सोडलंय. बरीच वर्षं झाली."

"व्रत आहे?"

"तसंच काहीतरी." त्या वळल्या.

दही पातळ होतं, थोडं आंबट. गोपीनाथरावांना जुनी चव आठवली. ऐन थंडीत या घरचं दही सुरीनं कापावं असं लागायचं. पाणी प्यायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघरात गेले. पिठाच्या डब्यात, जुन्या शालीत गुंडाळलेलं दह्याचं पातेलं त्यांनी पाहिलं. मग बाहेर येऊन सेट सरळ केला आणि एरवी क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली वरची बाजू पाहिली. पॉलिशवर एक गोल, पांढरट वळ उठला होता.

"हा कसला डाग, नरहरपंत?"

"तो जुना. विश्वास असताना ही हिवाळ्यात सेटवर विरजणाचं पातेलं ठेवायची. व्हॉल्व्हच्या उबेनं दही छान लागायचं. तो ओरडायचा, आई, दूध सांडलं तर सेट गेला समज. आणि ओरडून झालं की पहिली वाटी तोच खायचा." नरहरपंत हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

दत्तू आला तो दारातच थबकला. उघडा सेट पाहून त्याचा चेहरा पडला.

"काल या खोलीत काय करत होतास?" गोपीनाथरावांनी विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्यांना सवय नव्हती.

"रेकॉर्डी बांधत होतो, काका."

"सेट उघडलास?"

"काल? नाही. कसम से."

"आणि काल नाही, तर कधी?"

दत्तूनं मान खाली घातली. मग एकदाच, अगदी निसटतं, त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"बोल ना रे!" नरहरपंत ओरडले. "माझ्या पोराचं काळीज काढून नेलंस तू! विकलंस कुणाला?"

"काका, मला हवं तर मारा," दत्तू म्हणाला. "पण मी काही नाही सांगू शकत. शपथ आहे."

गोपीनाथरावांनी सेट भिंतीच्या प्लगला जोडला. "नरहरपंत, तुम्ही सेट कसा लावता?"

"संध्याकाळी बटण चालू करायचं आणि अर्धा तास थांबायचं. विश्वासचा नियम. तो म्हणायचा, आवाज लगेच येतो बाबा, पण त्यात गोडवा यायला सेट तापावा लागतो. त्या अर्ध्या तासात आम्ही बापलेक गप्पा मारायचो."

"आणि तो गेल्यावर?"

नरहरपंतांनी खिडकीकडे पाहिलं. "तो गेल्यावर मी महिनोन्‌महिने तोंड उघडलं नाही. मग एकदा सेट लावला. तापेपर्यंत करायचं काय, म्हणून हिला म्हणालो, त्याला भजी कुरकुरीत लागायची, नाही? तेव्हापासून त्याचं नाव आम्ही तेवढ्याच वेळात काढतो. एरवी मला जमत नाही."

"त्या नियमाबाहेर, बटण दाबल्या दाबल्या कधी वाजवून पाहिलात?"

"कधीच नाही."

गोपीनाथरावांनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी रेकॉर्डवर सुई टेकवली. सतार ताबडतोब खोलीभर झाली. नरहरपंत दचकून मागे सरले.

"व्हॉल्व्ह असते, तर निदान जागे व्हायला थोडा वेळ लागला असता," गोपीनाथराव सुई उचलत म्हणाले. "हा सेट कित्येक वर्षांपूर्वीच बदललाय. पालीनं आत अंडी घातली, पिलं निघून गेली, टरफलांवर धूळ बसली. हे कालचं काम नव्हे. तुम्ही रोज अर्धा तास थांबत होता, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"आवाज कोरडा वाटायचा," नरहरपंत पुटपुटले. "मला वाटलं माझेच कान म्हातारे झाले."

"आता चोराचं बघा. चोर माल उचलतो आणि पळतो. हा कसला चोर, की जो मागे वाजणारा सेट ठेवून जातो, वर तुम्हाला उजेड दिसावा म्हणून तांबडा दिवा लावतो? हे तुम्हाला कळू नये म्हणून केलंय, आणि तुमच्यावर जीव असणाऱ्यानं केलंय. हात दत्तूचा आहे, ते त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलंय. पण विश्वासच्या सेटला घरातल्या माणसानं सांगितल्याशिवाय दत्तू हात लावणार नाही."

दत्तू रडत होता.

"पेटीच्या सांध्यात वाळलेलं दूध आहे. वर पातेल्याचा वळ आहे. आणि आता विरजण पिठाच्या डब्यात शालीत बसतं. सेटला ऊब राहिली नाही, हे या घरात एका माणसाला माहीत होतं. त्या माणसानं त्यानंतर दही तोंडात घातलेलं नाही." गोपीनाथरावांचा आवाज खाली आला. काखेत कळसा असतो, तो शोधून दाखवताना आनंद व्हावा असं काही नव्हतं. "वहिनी, मला माफ करा. पण उद्या हा पोरगा चौकीत उभा राहिला असता."

रत्नप्रभावहिनी दारात उभ्या होत्या. हातात बांगड्यांची जुनी पेटी होती. त्यांनी ती नवऱ्यासमोर ठेवून उघडली. कापसात व्हॉल्व्ह होते. सगळ्यांच्या काचा तडकलेल्या, एकाचा नुसता बुडखा.

"तुम्ही भावजींच्या वर्षश्राद्धाला नागपूरला गेला होतात," त्या म्हणाल्या. "थंडी मरणाची होती. तुम्ही येणार म्हणून दही लावायचं होतं. मी सेट लावला, वर पातेलं ठेवलं. मांजरानं उडी मारली. तापलेल्या काचांवर दूध. फाडफाड आवाज झाले हो. मग धूर. तो सांगत होता, आई, सांडेल. लेकराची एवढी एकच वस्तू उरली होती, ती मी दह्यापायी जाळली."

"काकूंनी मला बोलावलं," दत्तू म्हणाला. "मी दिल्लीपर्यंत शोधून आलो, काका. ते व्हॉल्व्ह बनणंच बंद झालेलं. ट्रान्सफॉर्मर पूरा जळालेला. काकू म्हणाल्या, विश्वासची शपथ, यांना सांगू नकोस."

नरहरपंतांनी बुडखा तळहातावर घेतला.

"रत्ना, त्या अर्ध्या तासात मी तुला सगळं सांगितलं," ते म्हणाले. "त्याला हॉस्पिटलात न्यायला मी एक दिवस उशीर केला, तेही सांगितलं. आणि तू शेजारी बसून हे गिळत राहिलीस."

"सेट गेला असं सांगितलं असतं, तर तुम्ही परत मुके झाला असता. मग माझा विश्वास मी कुणाजवळ बोलायचा?"

नरहरपंत उठले. दत्तूपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. पोरानं घाईनं ते हात धरून खाली केले. मग त्यांनी पुढच्या काचेवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली, सेट त्याच्या जागी नेला आणि बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. रेकॉर्डला त्यांनी हात लावला नाही.

गोपीनाथराव आणि दत्तू व्हरांड्यात येऊन चपला शोधू लागले.

"काका, सांगू का त्यांना?" दत्तू कुजबुजला. "आता थांबायची जरूरत नाही. तो लगेच वाजतो."

"चप्पल घाल आणि चल," गोपीनाथराव म्हणाले.

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी.

"बस," नरहरपंत म्हणत होते. "सेट तापेपर्यंत सांग. मांजर कुठून आलं होतं?"