गुरगुर थांबली तेव्हा

"माहेरी पाठवली म्हणतोय, पण ती अजून त्याच खोलीत..."

जिन्यात कुजबुजणाऱ्या दोघी शेजारणी शिवणवाल्या ताईंना बघताच गप्प झाल्या. ताईंच्या हातात वरच्या मजल्यावरच्या स्पीकरवाल्याचा जाडजूड पडदा होता, नुकताच शिवलेला. त्याची बायको म्हणजे ताईंची जिवाभावाची मैत्रीण, आणि बरेच दिवस ती दिसली नव्हती. पडदा द्यायचा तो आत शिरूनच, असं ताईंनी ठरवून टाकलं.

गाणी ऐकायची ती खोली चहूबाजूंनी पडद्यांनी मढवलेली होती. दार लागलं आणि रस्त्यावरचा गोंगाट कापल्यासारखा थांबला. उरली स्पीकरची गुरगुर आणि तापलेल्या तारेचा वास.

"वहिनी कुठायत, भावोजी?"

"माहेरी. पण ही गुरगुर ऐकलीत? झोप उडवलीय हिनं माझी." त्यानं साबणाच्या वडीएवढी डबी दाखवली. "ट्रान्सफॉर्मर आहे, अगदी स्वस्तातला. आत तारेच्या दोन गुंडाळ्या, एकमेकींना कुठंच न जोडलेल्या. तरी आवाज पलीकडे जातो आणि ही गुरगुरीची घाण अलीकडेच राहते."

"मग आमच्या ह्यांच्या घोरण्याला एक बसवा की!"

तो हसला नाही. त्यानं माइक पुढे केला. "बोला काहीतरी. तपासतो."

ताईंना बोलायचा आग्रह कशाला करावा लागतोय? ठणठणीत आवाजात त्या म्हणाल्या, "वहिनी, बऱ्या आहात ना?"

त्यानं डबी जोडली. गुरगुर थांबली. आणि त्या शांततेतून, स्पीकरमधून, ओळखीचा आवाज आला...

"ताई... बोलू नका..."

ताई दचकून वळल्या. 'भावोजी' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. तो डोळे मिटून ऐकत होता. "किती स्वच्छ..." म्हणत त्यानं नवा पडदा दारावर अडकवला. ताईंनी पडदा ओरबाडला, दार चाचपलं. आतून मूठच नव्हती. तो पुन्हा डोळे मिटून स्पीकरसमोर बसला.

त्यांनी वहिनींच्या बहिणीला फोन लावला.

"ताई ना? अहो, अक्का इथंच आहे, माझ्यासमोर बसलीय. खाते-पिते, पण आल्यापासून तोंडातून शब्द नाही... हॅलो? बोला ना, ताई!"

ताईंनी सगळा जीव एकवटून ओठ हलवले. पाठीमागून, स्पीकरमधून, त्यांचाच आवाज खोलीभर घुमला, "दार उघडा!" त्याला लागूनच दुसरा, बारीक, रडवेला...

फोनवरून बहिणीचा आवाज आला.

"हां, आता येतंय ऐकू... पण ताई, तुमच्या मागे ही अक्का कशी बोलतेय?"