गोल टाकीच्या सावलीचा कोपरा

बाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. "मी कोणाची कोण, ते आधी सांगते," ती म्हणाली. "मग मला बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

मोजणीदाराने मान हलवली. तो पूर्वी जमिनी मोजायचा. आता लोकांची कोडी सोडवून पोट भरत होता, पण नाव जुनंच चिकटलं होतं. खिडकीशी त्याचा दोस्त कंपाउंडर पेपर वाचत बसला होता. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी इथे येई आणि मोजणीदाराची बोलणी खाई. घरात बसवत नसे, एवढंच त्यामागचं कारण.

"मी रंगाऱ्याची थोरली बहीण," बाई म्हणाली.

कंपाउंडरच्या हातातला पेपर खाली आला.

रंगारी म्हटल्यावर त्या शहरात दुसरं कोण आठवणार? सात वर्षांपूर्वी, युद्धात, एका पहाटे पुलावरचे एकेचाळीस जवान कापले गेले, ते ज्याच्या फितुरीने, तो रंगारी. त्या एकेचाळिसांत कंपाउंडरचा एकुलता एक मुलगा होता. त्याचं शेवटचं पत्र बापाच्या कोटाच्या आतल्या खिशात असे, आणि ते त्याला तोंडपाठ होतं. 'हवालदार तापाने फणफणलेत, म्हणून आज एकचं काम गुपचूप उरकलं. मग मेजरसाहेबांनी आठवड्यात पहिल्यांदा नदीवर सोडलं, चांगले तीन तास. आता बदलीची लॉरी लागलीय. आईला सांगा, अंग घासून धुतलंय.' एकचं काम म्हणजे काय, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. युद्धातल्या गोष्टी विचारायच्या तरी कोणाला?

"भाऊ सहा वर्षं तुरुंगात आहे," बाई म्हणाली. "खोकल्यातून रक्त पडतं. सोमवारी फेरविचार मंडळ बसतंय. नवा पुरावा दिला नाही, तर तो आतच मरेल."

खोकला म्हटल्यावर कंपाउंडरच्या तोंडावर सवयीने औषधाचं नाव आलं. ते त्याने गिळलं. "मरू दे," तो म्हणाला.

बाईने त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं कोण गेलं?"

"मुलगा."

"मग तुमच्यापुढे मला बोलायला तोंड नाही. पण भाऊ म्हणतो, त्याने केलं नाही. तो नाटकाचे पडदे रंगवायचा. खोटं रंगवायचा, बोलायचा नाही."

"बसा," मोजणीदार म्हणाला. मग दोस्ताकडे वळला. "तू घरी जा हवं तर."

"नाही. माझा मुलगा कसा विकला, ते एकदा नीट ऐकू दे मला."

बाईने पिशवीतून खटल्याचे कागद काढले. खटला बंद दाराआड चालला होता. वकिलाने सहा वर्षं खेटे घातले तेव्हा कुठे नकला मिळाल्या.

दोन टेकड्यांमधल्या मैदानावर आपल्या सैन्याने साठ रणगाडे उभे केले होते, ते सगळे कापडाचे. शत्रूने विमानातून पाहावं, आपला हल्ला इथूनच होणार असं समजावं, आणि सगळी फौज समोर आणून ठेवावी, असा बेत होता. लाकडाची टंचाई, म्हणून सांगाडे गुडघाभर उंचीचे केले. वरून चित्र झकास दिसे, पण गुडघाभर वस्तूची सावली ती केवढी? म्हणून प्रत्येक रणगाड्याशेजारी काळं कापड जमिनीवर अंथरून खुंट्यांनी ताणलेलं असे. तीच सावली. सकाळी सातला ती पश्चिमेला लावायची. दुपारी एकला शिट्टी झाली की साठच्या साठ उचलून पूर्वेला. काम रंगाऱ्याच्या ताब्यात, हाताखाली आठ पोरं.

"कापडं आमच्या तंबूच्या कारखान्यातच शिवली," बाई म्हणाली. "मी स्वतः शिवलीत. शेवटच्या आठवड्यात बोटं सोलून निघाली. आधी कापडाच्या कडेने लोंबणारी झालर गुडघाभर असायची. मग एकदम पुरुषभर उंचीची मागवली, साठच्या साठ. वरचं चित्र मात्र तेच. लष्कराच्या लहरी."

मग तिने फोटो काढला. युद्ध संपल्यावर शत्रूच्या कचेरीत सापडलेला, विमानातून घेतलेला. कडेला तारीख आणि वेळ होती: दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. मैदानाच्या टोकाला पाण्याची गोल टाकी होती आणि तिची सावली पूर्वेला पडली होती, पडायला हवी तशीच. कापडी सावल्या मात्र पश्चिमेला होत्या.

"म्हणजे एकला फिरवल्याच नाहीत," कंपाउंडर हळूच म्हणाला.

"कोर्टानेही तेच म्हटलं. शत्रूला एका नजरेत कळलं की हे सोंग आहे. त्याने मैदानासमोरची फौज काढली आणि पुलावर घातली."

पुढचं शाळेच्या पुस्तकातही होतं. मैदानासमोर कुणी उरलं नाही हे पाहून आपल्या सेनापतीने प्रसंगावधान राखलं, दोन दिवसांनी तिथूनच खरे रणगाडे घुसवले आणि युद्ध जिंकलं.

कंपाउंडरने भिंग घेऊन फोटोवर डोकं घातलं. मुलाच्या मरणाचा कागद पहिल्यांदाच त्याच्या हाती आला होता. बराच वेळ तो पाहत राहिला. "टाकी गोल आहे ना रे? मग सावलीला कोपरा कसा?" तो म्हणाला, आणि स्वतःच उत्तर दिलं, "घडी पडली असेल फोटोला."

मोजणीदाराने भिंग ओढून घेतलं. टाचणीच्या टोकाने तो काहीतरी मोजत राहिला. "एकोणसाठ," तो पुटपुटला.

"काय एकोणसाठ?"

"माझं वय. चल, हवालदाराकडे जाऊ."

त्याचं वय बासष्ट होतं, पण कंपाउंडरने वाद घातला नाही.

मैदानावर शिट्टी वाजवणारा हवालदार आता एका गिरणीच्या फाटकावर रखवालदार होता. माणूस कडक. उभ्यानेच बोलला.

"मी त्या दिवशी तापाने पडलो होतो. शिट्टी रंगाऱ्याकडे दिली होती. माझी खोली मैदानाला लागून. एकला शिट्टी झाली नाही. कोर्टात शपथेवर सांगितलं, आजही सांगतो."

"झोप लागली असेल."

"तापात कसली झोप? एकचा ठोका ऐकला मी. शिट्टी नाही म्हणजे सावल्या फिरल्या नाहीत. सरळ गोष्ट आहे."

"तुमचं रंगाऱ्याशी पटायचं?"

"नाही. शिस्त नव्हती त्याच्यात. पोरांना नावाने हाक मारायचा."

"ती आठ पोरं साक्षीला का नव्हती?"

हवालदाराने पहिल्यांदाच नजर खाली घातली. "त्याच संध्याकाळी पुलावर पाठवली. एकही परत आलं नाही."

कंपाउंडर फाटकाच्या गजाला धरून उभा राहिला. पत्रातला तापाने फणफणलेला हवालदार तो हाच, म्हणजे आपला मुलगा या आठांतला होता, हे त्याला आत्ता कळत होतं. ज्या सावल्यांनी त्याला मारलं, त्या तो स्वतः फिरवत होता.

मैदानावरचा कोठीवाला आता लोखंडी सामानाचं दुकान चालवत होता. तो बोलका निघाला.

"रंगारी नशिबाने वाचला हो. दुपारी दोनला मेजरसाहेबांनी त्याला शहरात काळा रंग आणायला धाडलं. परत येईपर्यंत पोरांची लॉरी गेलेली. पण तेच अंगाशी आलं. कोर्ट म्हणालं, शहरात जाऊन शत्रूच्या माणसाला निरोप दिला असणार."

"काळा रंग संपला होता का?"

"छे. छावणी मोडली तेव्हा अकरा डबे सीलबंद परत केले मी. पण मला कुणी विचारलं तर ना. न विचारता बोलायची लष्करात पद्धत नाही."

"त्या दिवशी कोठीतून आणखी काय गेलं?"

कोठीवाल्याने कपाळ खाजवलं. "साहेबांना एक विजार दिली. पाय घसरला म्हणाले. गुडघे हिरवेगार झाले होते, दोन्ही."

रस्त्यावर आल्यावर कंपाउंडर म्हणाला, "विजारीची चौकशी कशाला? भलतंच काहीतरी."

"तुझ्या खिशातलं पत्र आहे ना?" मोजणीदाराने विचारलं. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "उद्या मेजरकडे जायचंय. ते बरोबर असू दे. आणि तुला यायचं नसेल, तर खरंच येऊ नकोस."

शनिवारी दुपारी ते मेजरच्या घरी गेले. मेजर आता काठी टेकून चालत होता. बैठकीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर घड्याळ. कुठेही पदक नाही, फोटो नाही. मोजणीदाराने टेबलावर विमानातला फोटो ठेवला.

"साठ रणगाडे," तो म्हणाला. "पश्चिमेच्या सावल्या मोजा. एकोणसाठ भरतात. साठावा रणगाडा टाकीला खेटून आहे. त्याची सावली कुठे?"

मेजरने फोटो जवळ ओढला.

"माझ्या या दोस्ताला ती दिसली, पण त्याने स्वतःवर विश्वास ठेवला नाही. गोल टाकीच्या सावलीला कोपरा नसतो. तो कोपरा कापडाचा आहे. साठावं कापड पूर्वेलाच आहे, टाकीच्या खऱ्या सावलीत बुडालेलं. म्हणजे एकला सगळ्या सावल्या पूर्वेला गेल्या होत्या. नंतर कुणीतरी त्या परत पश्चिमेला फिरवल्या. एकला टाकीची सावली आखूड होती, तेव्हा ते कापड उन्हात होतं. अडीच-तीनला सावली लांबली आणि काळ्यावर काळं दिसलं नाही. घाईत ते एकच राहून गेलं."

"एकला शिट्टी झाली नव्हती," मेजर म्हणाला. "साक्ष आहे."

"साक्ष खरी आहे, पण तिचा अर्थ चुकला. कंपाउंडर, पत्र वाच."

कंपाउंडरने पत्र उघडलं नाही. ते त्याला पाठच होतं. "'हवालदार तापाने फणफणलेत, म्हणून आज एकचं काम गुपचूप उरकलं,'" तो म्हणाला, आणि तिथेच थांबला. सात वर्षं छातीशी धरलेलं ते वाक्य काय सांगत होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"आजारी माणसाची झोप मोडू नये म्हणून रंगाऱ्याने शिट्टी वाजवली नाही," मोजणीदार म्हणाला. "त्या माणुसकीची सजा तो भोगतोय. बरं, मग मैदानावर उरलं कोण? हवालदार अंथरुणात. रंगाऱ्याला शहरात पाठवलं, अकरा डबे शिल्लक असताना रंग आणायला. पोरांना नदीवर पाठवलं, आठवड्यात पहिल्यांदाच. दोन्ही हुकूम तुमचे. मेजरसाहेब, घसरलेल्या माणसाचा एक गुडघा हिरवा होतो. एकोणसाठ ठिकाणी गवतात टेकून खुंट्या ठोकणाऱ्याचे दोन्ही होतात."

मेजरने काठी भिंतीला टेकवून ठेवली. "फितुरीचा आरोप करताय माझ्यावर?"

"नाही. फितूर कुणीच नव्हतं. शेवटच्या आठवड्यात पुरुषभर उंचीच्या झालरी शिवून घेतल्या होत्या. गुडघाभर सांगाड्याला त्या कशाला? त्या खऱ्या रणगाड्यांना घालायच्या होत्या. सेनापतीचं प्रसंगावधान वगैरे काही नव्हतं. सोंग उघडं पडावं, हाच नवा बेत होता. मैदान खोटं आहे असं शत्रूला एकदा पटलं की तो फौज काढून पुलाकडे जाणार, आणि मग त्याच कापडांखाली खरे रणगाडे आणून ठेवले तरी तो ढुंकून पाहणार नाही. पुलावरची माणसं त्याला गुंतवून ठेवायला होती."

मेजरने फोटो उलटा करून ठेवला.

"युद्ध तीन महिने आधी संपलं," मेजर शेवटी म्हणाला. "किती हजार जीव वाचले, त्याचा हिशेब मी रोज करतो. पुलावरच्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते तसे लढले नसते."

"आणि रंगारी?"

"फोटो सापडला तेव्हा कोर्टाला उत्तर हवं होतं. बेत गुप्त ठेवायचा वरून हुकूम होता. फाशी टळावी म्हणून मी धडपडलो, जन्मठेपेवर आणली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "हुकूम नसता तरी काय केलं असतं? पोरगा एका फितुरामुळे गेला, हे आईबाप कसंतरी सोसतात. आम्हीच ठरवून घालवला, हे एकेचाळीस घरी जाऊन कसं सांगायचं?"

"एका घरी तर आत्ताच सांगून झालं," कंपाउंडर म्हणाला.

मेजरने मान वर केली. "तुमचा कोण?"

"मुलगा. त्या आठांतला. तुम्ही नदीवर पाठवलात, तो."

"मला एक तास पुरला असता," मेजर म्हणाला. "मी त्यांना तीन तास दिले."

"पुलावर त्यांनाच का पाठवलंत? त्यांनी एकला सावल्या फिरवल्या होत्या, हे सांगायला कुणी मागे राहू नये म्हणून?"

मेजरने काठी उचलली आणि परत भिंतीला टेकवली. कंपाउंडरने उत्तराची वाट पाहिली. त्याला वाटलं होतं, खरा गुन्हेगार समोर आला की आपण त्याचा गळा धरू. पण समोर एक थकलेला म्हातारा होता.

"कागद घ्या," तो म्हणाला. "दुपारी तीनला काय केलंत, तेवढं लिहा. बाकी चाळीस घरी मी जाईन. माझ्यासारख्याकडून ऐकणं त्यांना सोपं जाईल."

मेजरने लिहायला घेतलं. दोन पानं झाली. रंगाऱ्याच्या बहिणीने ते कागद संध्याकाळी घेतले, वाचले, आणि कंपाउंडरच्या पाया पडायला वाकली. त्याने तिला मध्येच धरलं.

"मी त्याला मरू दे म्हणालो होतो, ताई," तो म्हणाला.

घरी बायको भाजी निवडत होती. कंपाउंडर तिच्यासमोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, काही न गाळता. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"म्हणजे रंगाऱ्याने काहीच केलं नव्हतं?"

"एक केलं होतं. शिट्टी वाजवली नव्हती."

तिने जुडी खाली ठेवली. "सहा वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली," ती म्हणाली. "तेवढाच आधार होता मला. आता कुणाच्या नावाने मोडू?"

कंपाउंडर उठला. फळीवरून जुना खल काढला, धुऊन पुसून कोरडा केला आणि खोकल्याचं औषध करायला बसला. बायको भाजी बाजूला सारून जवळ आली आणि तिने बाटली धरली. औषध भरून झाल्यावर त्याने दवाखान्यातल्या जुन्या सवयीने चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: दिवसातून दोनदा, सकाळी सात आणि दुपारी एक.