मिनिटाला सात लिटर

नायरीने फर्गसला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो मेंढवाड्यात चाळीस मेंढ्यांच्या मधोमध उभा होता. हातातली पेटी डोक्यावर धरलेली, शहरी बूट लेंड्यांत बरबटलेले. फाटकाची कडी बाहेरून पडली होती... म्हणजे वाऱ्याने पाडली होती. कॅंटरबरीच्या माळावरचा वायव्येचा वारा तो, त्याला कोणाची पर्वा!

"हाक नाही का मारायची कोणाला?" नायरीने विचारलं.

"मारली की. ह्या सगळ्यांनी ओ दिली."

नायरीला असं हसू फुटलं की कडी काढायला दोनदा हात घालावा लागला. तोही हसला आणि त्याचे कान लाल झाले. अगं बाई, ह्याचे कान लाल होतात! बस्स, तिथेच घोटाळा झाला, पण हे तिच्या ध्यानात यायला पुढे बरेच दिवस लागले.

संशोधन केंद्रातल्या मेंढ्यांची देखभाल नायरीकडे होती. दुबळ्या हृदयासाठी एक नवं औषध निघालं होतं, ते आधी मेंढ्यांवर तपासायचं होतं. फर्गस डनीडन शहरातून आला होता तो रक्ताचा प्रवाह मोजायला. त्याच्या पेटीत अंगठीएवढी कडी होती. शस्त्रक्रिया करून असं एक कडं हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती बसवायचं, त्याची तार पाठीवरून बाहेर काढायची, की हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतंय ते पडद्यावर दिसतं.

पहिलं कडं बसलं डॉरिसला. डॉरिस ही नायरीची लाडकी मेंढी, जरा आगाऊच.

"आता आकडे कधी?" नायरीने दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"दोन आठवड्यांनी. कड्याभोवती मांस भरून यायला हवं. तोवर नुसता खरखराट."

"आणि तोवर तू काय करणार?"

"तुझे स्कोन खाणार."

आणि खाल्ले की त्याने! रोज साडेअकराच्या चहाला नायरी घरी भाजलेले चीज स्कोन, म्हणजे चीज घातलेले छोटे खुसखुशीत पाव, आणायची, आणि हा पठ्ठ्या तीन-तीन उडवायचा. विरेमुकाका, म्हणजे मेंढ्यांकडचा सगळ्यात जुना माणूस, मिशीतल्या मिशीत म्हणायचे, "पोरी, पूर्वी तू दोनच आणायचीस गं?"

"पीठ उरतं, काका."

"हो, हो. उरतंच ते."

दोन आठवड्यांनी, एका बुधवारी मापं सुरू झाली. रोज सकाळी दहा ते अकरा फर्गस मापनाच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसायचा. समोर पडदा, पलीकडे पिंजऱ्यात रवंथ करणारी डॉरिस. खोलीत दुसऱ्या कोणी यायचं नाही, असा दंडक. पण दाराला वहीच्या पानाएवढी काच होती... आणि त्या दारावरून जायचं नायरीला रोज काहीतरी निमित्त मिळायचं. एकदा टॉवेल, एकदा बादली, एकदा तर हातात काहीच नव्हतं. काचेशी चार मिनिटं थांबायचं. तो स्वतःशीच गुणगुणायचा, तेही बेसूर, आणि आकडा लिहिताना मान डावीकडे कलवायचा. नायरीला तेवढंच पुरायचं. मग दिवसभर ती उगाचच खुशीत असायची.

आकडे मात्र खुशीत नव्हते.

"कडं बिघडलंय," तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी फर्गस चहाच्या टेबलावर कागद पसरत म्हणाला. "नीट पाच लिटर चाललेलं असतं. दहा वाजून दहा मिनिटांनी अचानक सात! चार मिनिटं राहतं, मग परत पाच. रोज तेच. मी तार बदलली, यंत्र बदललं, काही उपयोग नाही."

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर फिलिपा, ज्यांना सगळे पिप म्हणत, चष्मा वर करून बघत राहिल्या. "विश्रांतीतला आकडाच स्थिर नसेल, तर औषधाने काय झालं ते कळणार कसं? शुक्रवारी दुपारी शस्त्रक्रिया ठेवते. डॉरिसला पुन्हा उघडू, कडं बदलू."

नायरीच्या हातातला स्कोन हातातच राहिला.

"एक गंमत आहे पण," फर्गस म्हणाला. "दोन्ही रविवार स्वच्छ, दोन्ही सोमवार स्वच्छ. इमारतीतलं कुठलं तरी यंत्र त्या दिवशी बंद असणार."

रविवार, सोमवार. नायरीच्या सुट्टीचे वार.

सकाळ-संध्याकाळ डॉरिसच्या तोंडाशी चाऱ्याची बादली धरायची ती नायरीच. काचेशी तिचे गमबूट वाजले की डॉरिसला वाटत असणार, आली खाऊवाली! आणि तिचं हृदय धावत सुटत असणार. यंत्रबिंत्र काही नाही. ते यंत्र इथे बसलंय, हातात स्कोन घेऊन.

पण सांगायचं कसं? रोज दहा-दहाला तिथे काय करत होतीस, असं विचारलं तर?

गुरुवारी ती काचेकडे फिरकलीच नाही. फर्गस चहाला आला तो जवळजवळ उड्या मारत. "आज सरळ रेघ! पाच, पाच, पाच!"

"एक दिवस सरळ आली म्हणून भागत नाही," पिप म्हणाल्या. "कारण कळलेलं नाही. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे होईल."

नायरीला सकाळची डॉरिस आठवली. पाठीवर अजून टाक्यांचा वण होता, तरी तिने हनुवटी नायरीच्या तळहातावर टेकली होती. आपल्या लाजेपायी हिच्या अंगावर पुन्हा सुरी? छे!

"कडं चांगलं आहे," ती बोलून गेली. "ते... माझ्यामुळे होतं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी रोज काचेशी येऊन उभी राहते. डॉरिस मला ओळखते. तिला वाटतं चारा आला."

फर्गसने कागद पुढे ओढले, बोटाने वार मोजले. "अकरा दिवस... चार-चार मिनिटं?"

"कधी कधी पाच."

"पण तिथे करायचीस काय?"

"बघायचे."

"काय? आकडे?"

"आकडे नव्हे रे," नायरी म्हणाली. आता बुडालोच आहोत तर पूर्ण बुडावं. "तुला."

विरेमुकाकांनी बशी खाली ठेवली. फर्गसचे कान... कान कसले, अख्खा फर्गसच लाल झाला. तो घाईघाईने टेबलावरचे कागद गोळा करायला लागला. नायरी उठली ती थेट मेंढवाड्यात जाऊन थांबली. मेली, काय ही अक्कल! आता तोंड कसं दाखवायचं?

पिप मात्र शास्त्रज्ञ. शुक्रवारी सकाळी त्यांनी रीतसर परीक्षा लावली. दहाला विरेमुकाका काचेशी उभे राहिले. पाच. दहा-वीसला नायरी रिकाम्या हातांनी आली. डॉरिसने कान टवकारले, पडद्यावर साडेपाच, सहा, सात! फर्गसने या वेळी पडद्याकडे बघितलंच नाही. तो खुर्ची वळवून काचेकडे बघत होता, आणि आकडा लिहून घ्यावा लागला पिपना.

"मेंढीचं कळलं," बाहेर येत विरेमुकाका म्हणाले. "ह्या पोराच्या छातीत कडं बसवलं असतं, तर त्याचाही लागला असता हिशोब."

शस्त्रक्रिया रद्द झाली. दारावर कागद लागला: दहा ते अकरा नायरीने इकडे यायचं नाही. फर्गस दिवसभर पिपच्या खोलीत होता. चहालाही आला नाही. नायरीने उरलेले स्कोन गुपचूप डब्यात भरले आणि स्वतःला बजावलं, डॉरिस वाचली ना, मग झालं तर.

शनिवारी सकाळी दक्षिणेचा गार वारा सुटला होता, बारीक भुरभुर लागली होती. ती बादल्या घेऊन वाड्यापाशी पोचली तर फाटकावर फर्गस. पायात विरेमुकाकांचे दोन मापं मोठे गमबूट.

"बादली दे," तो म्हणाला.

"खुळा झालास? तू चारा घातलास तर ह्या तुलाही ओळखायला लागतील. मापं घेणाऱ्याने चारा घालायचा नसतो, पिप हाकलून देतील तुला!"

"पिपना कालच सांगितलं. सोमवारपासून मापं घ्यायला डनीडनहून माझी सहकारी येतेय. मी पलीकडच्या खोलीत बसून नुसते आकडे तपासणार. तिथून मी डॉरिसला दिसत नाही."

"पण ते काम तर तुझ्या हातचं... तुझ्या आवडीचं ना?"

"आहेच." पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून ओघळत होतं, आणि कान... हो, तेही. "पण नायरी, अकरा दिवस तू मला बघत होतीस आणि मी गाढव पाठ करून बसलो होतो. तू मला आवडतेस. त्या फाटकाची कडी काढलीस ना, तेव्हापासून. टेबलावर सगळ्यांसमोर तू बोललीस आणि मला शब्द फुटेना. रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या."

"किती घातल्यास?"

"मोजल्या नाहीत."

नायरीला हसू आवरेना, आणि डोळे का भरले तेही कळेना. तिने एक बादली त्याच्या हातात दिली. दुसरा हात मोकळा होता त्याचा, तोही तिने धरून ठेवला. आत चाळीस मेंढ्या एका सुरात ओरडायला लागल्या. सगळ्यात पुढे, कठड्यावर पाय टेकून, डॉरिस.

"चल," नायरी म्हणाली, "भुकेल्या आहेत त्या."